फौजदारी वकील लावण्याआधी कोर्टात एक सकाळ बसा

अमळनेरच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. आधी रेमिंग्टन होतं, आता कॉम्प्युटर आणि झेरॉक्स. २२ वर्षं झाली. मी वकील नाही, कायद्याचा सल्ला देण्याचा मला अधिकारही नाही. पण सकाळी साडेदहाला टेबलावर येणारा पहिला माणूस बहुतेक वेळा टाइप करायला आलेला नसतोच. रात्रभर पोलीस स्टेशनच्या ओट्यावर बसून आलेला असतो, हातात पिशवी, पिशवीत पोराचा डबा. "भाऊ, पोऱ्याले धरी लई गयात. एखादा मोठा वकील सांगा ना."

तो 'मोठा' शब्द ऐकला की मला माझ्या भाच्याची केस आठवते.

अमळनेरात साहित्य संमेलन झालं त्याच वर्षी, २०२४ च्या जुलैत, बांध कोरण्यावरून शेजारच्या शेतकऱ्याशी त्याची मारामारी झाली. समोरच्याच्या डोक्याला सात टाके पडले आणि गुन्हा नोंदला गेला. गावात सगळे "३०७ लागला" म्हणत होते, एफआयआरवर मात्र १०९ होतं. १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आलेली, खुनाच्या प्रयत्नाचं कलम बदललेलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी बाहेरगावच्या एका 'मोठ्या' वकिलाचं नाव काढलं. बहिणीने पोत मोडली, ४० हजार एकरकमी दिले, पावती नाही. जामिनाच्या तारखेला त्या साहेबांचं दुसरीकडे मॅटर होतं, म्हणून त्यांचा ज्युनिअर आला. पोरगा चांगला, पण फाइलच आणलेली नाही. "पुढची तारीख द्यावी." झालं. भाचा आणखी आठ दिवस जळगावच्या जेलमध्ये. बहीण रोज संध्याकाळी विचारायची, "वकील काय म्हणस?" आणि मी, ज्याने निम्म्या बारचे कागद टाइप केले, त्याने पैसे देताना एवढंही विचारलं नव्हतं की त्या दिवशी उभं कोण राहणार.

तेव्हापासून मी लोकांना नाव सांगत नाही. बघायचं कसं ते सांगतो.

आधी पहिल्या रात्रीचं. अटक केली की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं. अटकेचं कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं. चौकशी चालू असताना आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. पूर्ण चौकशीभर तो शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर मिळते. लैंगिक गुन्ह्यांसारखे नाजूक गुन्हे तिथे टाकत नाहीत. ती प्रत हातात नसताना वकिलाकडे गेलात तर तोही अंदाजानेच बोलणार. कोऱ्या कागदावर सही कुणाच्याच सांगण्यावरून करू नका. भांडणाच्या जागेजवळ दुकान किंवा पेट्रोल पंप असेल तर तिथला कॅमेरा आजच बघा, जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. हे काम वकील सापडेपर्यंत थांबत नाही.

घाईत पहिल्या रिमांडला, म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढे पहिल्यांदा हजर करतात तेव्हा, कुणीही वकील उभा केला तरी चालतं. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, किती मागितली, का मागितली, मारहाणीची तक्रार आहे का, एवढं कोर्टापुढे मांडलं गेलं पाहिजे. त्याच वकिलाला पूर्ण केस द्यायलाच हवी असं काही नाही. लोक इथेच अडकतात. "आता सही केली ना, आता हाच."

मग नावं गोळा करा, तीन-चार पुरे. नातेवाइकाने सांगितलेलं एखादं चालेल, पण त्याला एक प्रश्न विचारा: "तुमची केस कशाची होती?" शेताच्या वाटणीचा दावा जिंकून देणारा वकील सेशन कोर्टात साक्षीदाराचा उलटतपास घेईलच असं नाही. दिवाणी आणि फौजदारी ही दोन वेगळी शेतं आहेत. एकात कापूस पिकतो म्हणून दुसऱ्यात केळी येत नाही. गांजाची केस असेल, ॲट्रॉसिटी असेल, पोक्सो (लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार) असेल, तर त्याच कायद्यात काम केलेला माणूस शोधा. ॲट्रॉसिटीत अटकपूर्व जामिनाला साधारणपणे कायद्यानेच आडकाठी आहे, एनडीपीएसमध्ये, म्हणजे गांजासारख्या अमली पदार्थांच्या कायद्यात, माल जास्त असला की जामिनाच्या अटी फार कडक होतात. हे ज्याला तोंडपाठ नाही तो तुमच्या पैशाने शिकेल. आणि सरकारी वकील तुमचा वकील नसतो. दर महिन्याला कुणीतरी मला विचारतंच, "सरकारी वकिलालाच सांगितलं तर?" ते फिर्यादीच्या बाजूने उभे असतात, सरकारतर्फे.

जाहिरातीवर जाऊ नका. बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला जाहिरात करायला आणि दलालाकरवी पक्षकार आणायला बंदी आहे. पोलीस स्टेशनच्या गेटवर कुणी येऊन "आमच्या साहेबांकडे चला" म्हणाला, तर सरळ चहा प्यायला निघून जा.

आता खरं काम. कोर्ट उघडं असतं. काही बंद दाराआडच्या केसेस सोडल्या तर कुणीही मागच्या बाकावर बसू शकतो. मोबाइल बंद करा, पायावर पाय टाकू नका, बसा. अकराला पुकारा सुरू होतो. तुमच्या यादीतलं नाव कोण, ते शेजारच्या पक्षकाराला हळूच विचारा. मग बघत राहा: पुकारा झाला की हा माणूस हजर असतो की ज्युनिअर पळत येतो? न्यायाधीशांनी पान विचारलं तर लगेच सापडतं का? सरकार पक्षाचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आला आहे की नाही हे त्याला ठाऊक असतं का, की तिथेच चौकशी चालते? मोठा आवाज हा गुण नाही. आपल्याकडे बांधावरसुद्धा ज्याचा आवाज मोठा त्याची जमीन कमी असते.

उलटतपास बघायला मिळाला तर नशीब. मी एकदा वकीलपत्राचं तिकीट द्यायला आत गेलो होतो आणि पाय निघेना. पंच साक्षीला उभा होता, काठी जप्त केल्याच्या पंचनाम्याचा. बचावाच्या वकिलाने तीन प्रश्न विचारले. "काठी तुमच्यासमोर कुठे काढली?" "शेतात." "पंचनाम्यावर सही कुठे केली?" "पोलीस स्टेशनला." "काठीला लेबल?" "तिथेच लावलं." पंचनामा जागेवर झालाच नाही, एवढं निघालं आणि तो खाली बसला. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाने असंच उत्तर काढलं आणि वर विचारलं, "मग स्टेशनला का गेलात?" पंचाने सांगितलं, "पाऊस लागला होता, साहेब." मिळवलेलं सगळं त्या एका 'का'त वाहून गेलं. कुठे थांबून खाली बसायचं हे ज्याला कळतं तो अनुभवी.

माझ्या टेबलावरून आणखी एक गोष्ट दिसते, ती तुम्हाला दिसणार नाही, म्हणून सांगतो. काही वकील जामिनाचा अर्ज म्हणून जुनी फाइल देतात आणि म्हणतात, "नाव बदल." एकदा चौथ्या परिच्छेदात मागच्या आरोपीचं नाव तसंच राहिलं होतं आणि गावही. काही जण शेजारी खुर्ची ओढून बसतात, दवाखान्याचं सर्टिफिकेट समोर ठेवतात आणि 'साधी दुखापत' हा शब्द नेमका कुठे आहे तो पान क्रमांकासह सांगतात. तेव्हा वकील ठरवल्यावर दाखल केलेल्या अर्जाची प्रत मागा आणि घरी वाचा. तुमची केस त्यात ओळखू येते का बघा.

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तपासणं सोपं आहे. महाराष्ट्रातल्या वकिलाच्या सनद क्रमांकाच्या शेवटी नोंदणीचं वर्ष असतं. वकीलपत्रावर, लेटरहेडवर दिसतं. म्हणजे किती वर्षं झाली ते कळलं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावाने चालू आणि निकाली प्रकरणं शोधता येतात. त्यात सेशन केसेस किती, जामीन अर्ज किती, की सगळे दिवाणी दावेच, एवढंच बघा. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, आपल्याकडे एकाच आडनावाचे वकील ढीगभर.

भेटायला जाताना एफआयआर, रिमांडचा कागद, दवाखान्याचे कागद, सातबारा, आधीच्या तक्रारी, सगळं घेऊन जा. तो कागद वाचतो की तुमचं ऐकताच "होऊन जाईल" म्हणतो, ते बघा. मी तीन गोष्टी विचारायला सांगतो. जामिनाच्या दिवशी स्वतः कोण उभं राहील? चार्जशीटची मुदत ६० दिवसांची की ९० ची, आणि ती तारीख कोणती? जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ९०, बहुतेक बाकीच्यांत ६०. त्या मुदतीत चार्जशीट आली नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, पण चार्जशीट दाखल होण्याआधी अर्ज टाकला तरच. चांगला वकील ही तारीख डायरीत लिहून ठेवतो. तिसरं, नव्या कायद्यात १५ दिवसांची पीसीआर तुकड्यातुकड्याने कधीपर्यंत मागता येते? उत्तर गुन्ह्याप्रमाणे पहिले ४० किंवा ६० दिवस. एखादा म्हणाला "पहिले पंधरा दिवस गेले की मिटलं", तर त्याने नवं पुस्तक उघडलेलं नाही.

'शंभर टक्के सोडवतो' म्हणणाऱ्याकडून उठा. 'वर साहेबांना द्यावे लागतील' म्हणणाऱ्याकडून तर पळा. आणि तुम्ही मात्र वकिलाला सगळं खरं सांगा, फावडं कुणाच्या हातात होतं तेही. ते गुप्त ठेवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या भाच्याने पहिल्या वकिलाला सांगितलं, मी तिथे नव्हतोच. फोटोत तो उभा होता.

फी टप्प्याटप्प्याने ठरवा: जामिनाचे इतके, चार्जशीटनंतर इतके, साक्षी-पुरावा आणि युक्तिवादाचे इतके. झेरॉक्स, टायपिंग, तिकिटं, नकला वेगळ्या की त्यात, ते आधीच बोला. निकालावर फी ठरवणं, 'सुटला तर इतके', नियमात बसत नाही. पावती मागायला लाज वाटत असेल तर फोनवरून पैसे पाठवा, नोंद राहते.

पैसेच नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या, किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीत असलेला माणूस, बाई, लहान मूल, एससी-एसटी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 'फुकटचा' म्हणून लोक नाक मुरडतात. माझ्या बहिणीनेही मुरडलं होतं. पण आता बऱ्याच जिल्ह्यांत त्यासाठी पूर्णवेळ बचाव वकील नेमलेले आहेत, त्यांचं कामच फौजदारी बचावाचं. त्यांनाही कोर्टात बसून बघता येतंच की.

एकाच एफआयआरमध्ये चार आरोपी असतील तर चौघांनी एकच वकील करायचा मोह होतो, स्वस्त पडतो. चौघांचं म्हणणं एकच असेल तर ठीक. "मी नाही मारलं, त्याने मारलं" असं एक जरी म्हणणार असेल, तर त्याचा वकील वेगळा.

सेशनला जामीन फेटाळला तर आपल्याला छत्रपती संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठाकडे जावं लागतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे तिथेच. तिथला वकील वेगळा असू शकतो. इथल्या वकिलाने कागद नीट लावून, आदेशाच्या नकला घेऊन दिल्या तर तिथे आठवडा वाचतो.

वकील बदलायचा असेल तर जुन्याकडून ना हरकत घ्या. फी राहिली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० साली हे स्पष्ट केलं आहे. आम्ही भाच्याची फाइल मागायला गेलो तेव्हा तिथल्या कारकुनाने आधी बाकी दाखवली. मी शांतपणे निकालाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. दहा मिनिटांत फाइल आली. पातळच होती: एफआयआर, वकीलपत्र आणि जामिनाचा तो एक अर्ज, ज्याच्या चौथ्या परिच्छेदात गाव दुसऱ्याचंच होतं.

नवा वकील लावला तो इथलाच, मागच्या बाकावरून दोन सकाळी बघून ठेवलेला. जामीन झाला, दोन जामीनदार लागले, ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलला चार चकरा झाल्या. केस अजून चालू आहे. पुढच्या तारखेला फिर्यादीचा उलटतपास आहे, त्या दिवशी टेबल मुलावर सोपवून मी आत बसणार आहे.