ऑनलाइन धंदा नेमका कुठे अडतो? सांगलीच्या घरगुती विक्रेत्यांनो, या चुका टाळा

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळालं. भडंगाची ओळख तर कुणाला करून द्यायलाच नको. माल अस्सल आहे, तरी ऑनलाइन विकायला घेतला की चार-सहा महिन्यांत अनेकांचा उत्साह मावळतो. रील्स जमत नाहीत, जाहिरात कमी पडते, असं कारण सांगितलं जातं. मला ते पटत नाही. ऑनलाइन धंद्याला पाच-सहा वेगवेगळी कामं यावी लागतात आणि आपण त्यातलं दिसणारं एकच शिकतो.

ऑर्डरी येतात, पण हातात काही उरत नाही

सगळ्यात जास्त घरं इथेच अडकतात. कुरिअरवाला नुसतं वजन बघत नाही, खोक्याचं आकारमानही बघतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक कंपन्यांच्या हिशेबाने ५००० ने भागायचं. आलेला आकडा आणि खरं वजन, यातलं जे जास्त त्यावर पैसे लागतात.

अर्धा किलो हळद घ्या. घरात पडलेल्या २५ × २० × १५ च्या खोक्यात भरली, तर हिशेबाने ते पार्सल दीड किलोचं झालं. तीच हळद जाड पाऊचमध्ये घालून कुरिअरच्या पिशवीतून पाठवली, तर आकारमानाचा प्रश्न मिटतो. पण पिशवीसकट वजन ५०० ग्रॅमच्या वर गेलं की दर पुढच्या टप्प्याचा लागतो. म्हणून अर्धा किलोऐवजी ४०० ग्रॅमचं पाकीट काढा आणि किंमत त्या मापाने ठेवा. एवढ्या एका बदलाने पुष्कळांचं गणित सुटेल.

दुसरी गळती कॅश ऑन डिलिव्हरीची. समजा एका पाकिटामागे ६० रुपये सुटतात आणि कुरिअर एका बाजूचे ७० घेतं. गिऱ्हाइकाने दारातून पार्सल परत पाठवलं की जायचे-यायचे १४० गेले, म्हणजे दोन विक्रींचा नफा बुडाला आणि वर २० रुपये पदरचे. तेव्हा पाठवण्याआधी फोन करून पत्ता आणि ऑर्डर पक्की करा, आधी पैसे भरणाऱ्याला थोडी सूट द्या. फोन न उचलणाऱ्याचं पार्सल बांधूच नका.

लोक विचारतात, घेत नाहीत

‘शुद्ध, घरगुती, उत्तम दर्जा’ हे सगळेच लिहितात. पुण्या-मुंबईच्या बाईला हळद हातात घेऊन बघता येत नाही, तिच्या मनातले प्रश्न वेगळे असतात. हळद राजापुरी आहे का? दळली कधी? किती महिने टिकेल? बेदाणा हिरवा की पिवळा, बी आहे का, हाताला चिकटतो का? ही उत्तरं आधीच लिहून ठेवली की निम्मी विचारपूस कमी होते. साधं, नेमकं लिहिता येणं हेसुद्धा विक्रीचंच काम आहे.

फोटोचंही तसंच. रात्री पिवळ्या दिव्याखाली हिरवा बेदाणा पिवळट दिसतो आणि मग ‘फोटोत वेगळा होता’ अशी तक्रार येते. सकाळी खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर ठेवून काढा. महागडा कॅमेरा लागत नाही.

कागदपत्रं नंतर बघू म्हणणं

घरच्या जात्यावर दळून विकलं तरी खाद्यपदार्थाला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगची तारीख, तक्रारीसाठी फोन नंबर हेही हवं. मोठ्या प्लॅटफॉर्मवरून करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल, तर उलाढाल थोडी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. एक चूक सर्रास होते: आपण सांगलीचे म्हणून पाकिटावर बिनधास्त जीआयचा शिक्का छापला जातो. त्यासाठी स्वतःची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते.

सगळं एकट्याने ओढणं

एका माणसाला हे सगळं यावं असं नाही. फोटो आणि इन्स्टाग्राम कॉलेजातल्या मुलीकडे द्या, फोनवर गोड बोलणं ज्याला जमतं त्याच्याकडे गिऱ्हाईक द्या. मार्केट यार्डात दिवाणजी म्हणून राबलेले आजोबा घरात असतील, तर पार्सलचा हिशेब डोळे झाकून त्यांच्यावर सोपवा. जाहिरात पैसे देऊन बाहेरून करून घेता येते, पण हिशेब पहिलं वर्षभर तरी घराबाहेर देऊ नका.

पैशांचे मेसेज बघणारा मात्र एकच असावा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो, म्हणून खात्यात रक्कम दिसल्याशिवाय माल हलवू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, कुणी मागितला तर तिथेच फोन ठेवा. फसवणूक झालीच तर उद्यावर न टाकता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.