ॲम्प्लिफायरसाठी वेगळी लाइन

फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की स्पीकरमधून 'टक्' व्हायचं, तेही नेमकं आलाप रंगात आल्यावर. फ्रिज आणि हॉलचे सगळे प्लग एकाच लाइनवर होते. वायरमनकडून मेन डीबीपासून (घराच्या मुख्य वीज-वाटप बोर्डापासून) थेट ४ चौ. मिमी तांब्याची वायर ओढून घेतली. तिला स्वतंत्र १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (उपकरण सुरू होतानाचा क्षणिक जादा करंट सहन करणारा, पण बिघाड झाल्यास आपोआप पडणारा स्विच), शेवटी १६ अँपिअरचं सॉकेट. अर्थिंग घराचंच ठेवलं. काहीजण 'साउंडसाठी' वेगळा अर्थ-रॉड ठोकायला सांगतात, ते धोक्याचं आहे. टकटक थांबली. बारीक घूं मात्र राहिली. ती सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून येत होती. केबल उपटली की चिडीचूप! तिथे आयसोलेटर (थेट विद्युत-जोड तोडून फक्त सिग्नल पुढे जाऊ देणारा छोटा जोड) लावला. आवाज 'खुलला' वगैरे म्हणणार नाही, माझ्या कानांना तरी तसा फरक जाणवला नाही.