लग्नाच्या एडिटिंगसाठी ड्राइव्ह कोणती घ्यावी?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. १०० एमबीपीएसने (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं की तासाला ४५ जीबी भरते. हळदीपासून वरातीपर्यंतचा हिशेब तुम्हीच लावा. विंडोज आणि सॉफ्टवेअरला ५०० जीबीची एनव्हीएमई (सगळ्यात वेगवान प्रकारची एसएसडी ड्राइव्ह) पुरे. चालू कामाला दुसरी, १ टीबीची; तिथं कंजुषी नको. साटा एसएसडी (जुन्या, हळू जोडणीची) सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडते, पण एका कॅमेऱ्याचं काम निघते. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ वर जातो, अन् एनव्हीएमई तापली की स्वतःच हळू होते. हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, लावाच. जुनी लग्नं हार्डडिस्कवर ठेवा, मात्र सीएमआर (डेटाच्या रेघा शेजारी-शेजारी लिहिणारी) बघून घ्या. एसएमआरवर रेघा एकमेकींवर चढवून लिहिल्या जातात, म्हणून मोठा डेटा टाकताना रडायची पाळी येते. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, भावाच्या घरी. लाइन जाते तिथं आधी यूपीएस, कॉम्प्युटरचे रंगीत लाइटचे पंखे मग पाहू.