प्रस्ताव परत येतो तो या चुकांमुळे: कोकणातल्या वाड्यांसाठी पर्यावरणाचा निधी मागताना

पावसाळा सरला की मला फोन यायला लागतात. "ताई, आमचा प्रस्ताव परत आला, जरा बघाल का?" खाडीकाठची कोळीवाडी असो, डोंगरउतारावरची कातकरवाडी असो, नाहीतर खाणीखालचं गाव असो, फाइल उघडल्यावर पहिल्या पाच-सहा पानांतच कारण सापडतं. बहुतेक वेळा ते गेल्या वर्षीचंच असतं. पंधरा वर्षं मी गावांच्या अशा फाइली बघायचं काम करतेय. गावाची गरज खोटी निघाली असं एकदाही झालं नाही. फाइल मात्र कच्ची असते, आणि तिच्यापायी वाडीतल्या बाया आणखी दोन उन्हाळे डोक्यावर हंडे वाहतात. याचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून लिहितेय.

एकच मोठी योजना शोधत बसणं

"पर्यावरणीय न्यायाची काही योजना आहे का हो?" असं तरुण मुलं विचारतात. त्या नावाचं खातं आपल्याकडे नाही. पैसा आहे, पण तो चार ठिकाणी विखुरलाय. रेडी-कळण्याकडचं लोहखनिजाचं गाव असेल किंवा मंडणगड-दापोलीकडचं बॉक्साइटचं, तर जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणबाधित गावांसाठीचा जिल्ह्याचा निधी, बघा. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ते आलं. जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांकडून १० टक्के रक्कम त्यात जमा होते. २०२४ च्या सुधारित सूचनांप्रमाणे किमान ७० टक्के खर्च पिण्याचं पाणी, आरोग्य, प्रदूषण नियंत्रण अशा कामांवर व्हायला हवा. खाडीकाठच्या गावांना २०१७ ची कांदळवन (खारफुटी) संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. तिच्यातून खेकडापालन, कालवं, शिणाणे (शिंपल्यांचा एक प्रकार), पिंजऱ्यातले जिताडा मासे असे उद्योग उभे राहतात. कातकरी वाडीला आदिवासी वस्त्यांच्या सुधारणेचा ठक्कर बाप्पा कार्यक्रम आहे, आणि नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राचं पीएम-जनमन अभियानही आहे, कारण कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. आधी वाडीचा त्रास एका वाक्यात लिहून काढा, खातं मग शोधा. उलट दिशेने गेलात की पाण्याची गरज असलेल्या वाडीत सौरदिवे येतात.

जागा कोणाची, हे न बघणं

दहातले सहा प्रस्ताव इथेच पडतात. कोकणातला सातबारा एकदा नीट वाचून बघा. एकेका उताऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात. त्यातली निम्मी माणसं मुंबईत आणि काही वारलेली, वारसनोंद झालेलीच नाही. मासळी सुकवायच्या ओट्यांसाठी एका काकांनी मोठ्या मनाने सांगितलं, "घ्या, माझी जागा आहे, दिली." मंजुरी आली, खडी पडली. गणपतीला चुलतभाऊ गावी आला आणि त्याने हरकत घेतली. त्या खडीवर अजून गवत वाढतंय. तोंडी दिलेली जागा मी आता धरतच नाही. नोंदणी केलेलं बक्षीसपत्र हातात पडल्याशिवाय अंदाजपत्रक करायला सांगत नाही. लोक रागावतात, रागावू देत.

यातली दुसरी गोष्ट मला अजून टोचते. रायगडच्या किनारपट्टीत एका कातकरवाडीत चौतीस घरं. वाडीखालच्या विहिरीला मार्चपासून खारं पाणी. वर झऱ्याजवळ टाकी बांधून नळ आणायचा एवढंच काम. अंदाजपत्रक, फोटो, ठराव, सगळं जोडून गेलं. चार महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं: सदर जागा वन विभागाची असल्याने प्रस्ताव परत करण्यात येत आहे. गावात सगळ्यांनी मान हलवली, "फॉरेस्टची जागा, आता काय होणार." फाइल सरपंचांच्या कपाटात गेली आणि दोन उन्हाळे तिथेच राहिली. मला ती दाखवली तेव्हा कागदांवर वाळवीची माती होती.

त्या फाइलला एका अर्जाची कमतरता होती. वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) नेमकं यासाठीच आहे. शाळा, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचं पाणी आणि जलवाहिनी अशा तेरा सुविधांसाठी वनजमीन देता येते. दर कामाला जमीन एक हेक्टरपेक्षा कमी हवी, झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. अर्ज वनक्षेत्रपालांकडे जातो, मान्यता उपवनसंरक्षकांची. प्रस्ताव दिल्लीला न्यावा लागत नाही.

तरी आम्ही एकदा आणखी अडकलो, आणि ती चूक माझी होती. नेहमीच्या ग्रामसभेचा ठराव मी जोडला. तिथे गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या पुरते. वनहक्काच्या ग्रामसभेला मात्र निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. कातकरी माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात. तेव्हा निम्मी वाडी आणायची कुठून? शेवटी भातकापणी संपताना, भट्टीचे ट्रक येण्याआधी, संध्याकाळी वाडीतच सभा घेतली. म्हणून आता सांगते: कातकरवाडीची सभा फेब्रुवारीत लावू नका. कागदावर अंगठे घरोघरी फिरवून गोळा करणं तर नकोच. तसं करणाऱ्यांना ते काम सोपं वाटतं, पण पुढे कोणी तक्रार केली की सगळा ठरावच रद्द होतो आणि नाव वाडीचं खराब होतं.

नुकसान झालं म्हणायचं, पण नोंद नाही

उत्तर रत्नागिरीतल्या एका खाडीवर पहिल्या पावसानंतर मासे मेले. मी पोचले तिसऱ्या दिवशी. तोवर मेलेली मासळी ओहोटीबरोबर गेली होती. एका मुलाकडे व्हिडिओ होता, पण तो इतक्या जणांकडून फिरून आलेला की मूळ तारीख उरली नव्हती. एकाने शीतपेयाच्या बाटलीत पाणी भरून ठेवलेलं, न धुतलेल्या बाटलीत. प्रस्तावात लिहिलं होतं, "प्रचंड प्रदूषणामुळे मच्छीमार बांधव देशोधडीला लागले आहेत." साहेबांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या दिवशी? खाडीच्या कुठल्या भागात? किती जाळ्यांचं?" कोणालाच सांगता येईना. नुकसानीचा पुरावा जोडावा, असा शेरा मारून कागद परत आले. वर्ष गेलं.

त्या खाडीतले लोक निरीक्षणात कच्चे मुळीच नाहीत. एक म्हातारी मला म्हणाली, "अष्टमीच्या भांगेला पाणी काळं येतं गं, उधाणाला नाय." भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी जोराची भरती-ओहोटी, उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी. म्हणजे त्यांचं कॅलेंडर तिथीचं, आणि कार्यालयाचं तारखेचं. दोघांना जोडणारं काहीच नव्हतं. आम्ही दोनशे पानी वही घेतली आणि अंगणवाडीच्या दाराशी खिळ्याला सुतळीने टांगली. पाच रकाने केले: तारीख, तिथी, भरती की ओहोटी, खाडीतली जागा, काय दिसलं. पाग (फेकायचं जाळं) मारणारे भोई, खारवी, कालवं फोडणाऱ्या बाया, ज्याने बघितलं त्याने लिहायचं. लिहिता येत नसेल त्याचं शाळेतल्या पोरांनी लिहायचं. सात महिन्यांत नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या सात सप्तमी ते नवमीच्या. भांगेच्या दिवसांत भरती-ओहोटीचा जोर कमी, खाडी धुऊन निघत नाही, वरून आलेलं पाणी तिथेच घुटमळतं. म्हातारीचं म्हणणं वहीत उतरलं होतं. पुढच्या प्रस्तावाला तीच पानं जोडली, आणि या वेळी कोणी पुरावा मागितला नाही.

बाटलीत पाणी भरून कोणाला शिक्षा होत नाही, हेही समजून घ्या. पाणी कायदा, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने ठरल्या रीतीने घेऊन मोहोरबंद केलेला नमुनाच कोर्टात चालतो. म्हणून पाणी काळं दिसलं की त्याच तासाला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात फोन आणि पाठोपाठ ईमेल करा, म्हणजे वेळ नोंदली जाते. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्यांना कळवून पंचनामा मागा. व्हिडिओ मूळ फोनमधून पुसू नका. समाजमाध्यमांवर टाकायची घाई सगळ्यांना असते. आधी कार्यालयाला कळवा, मग काय टाकायचं ते टाका.

भरपाई आणि अनुदान एकाच अर्जात मागणं

हे दोन वेगळे रस्ते आहेत. झालेल्या नुकसानीची भरपाई राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायपीठाकडे मागायची. २०१० च्या त्या कायद्यात कलम १५ खाली त्याला पाच वर्षांची मुदत आहे. उरण-पनवेलच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना २०१५ मध्ये सुमारे ९५ कोटींची भरपाई देण्याचा आदेश झाला तो याच वाटेने. योजनेच्या अर्जात "दोषींवर कारवाई व्हावी" लिहिलंत की तो अर्ज तक्रार म्हणून दुसऱ्या टेबलावर जातो आणि तिथेच राहतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. शासन निर्णयाची झेरॉक्सची झेरॉक्स वापरू नका. निर्णयावरचा संगणक सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ निर्णय उतरवून घ्या आणि नंतर शुद्धिपत्रक निघालंय का ते बघा. लोकवाटा आधी गोळा करा. कांदळवन योजनेत गटाचा वाटा १० टक्के, एकट्याचा २५ टक्के, आणि तो ठेकेदाराने भरला तर प्रकल्प ठेकेदाराचाच होतो. पहिल्या हप्त्याचा विनियोग दाखला, म्हणजे पैसा कशावर खर्च झाला त्याचा दाखला, दिल्याशिवाय दुसरा येत नाही. पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, कोकणातल्या दमट हवेत शाई उडते. मार्चमध्ये अर्ज घेऊन धावू नका. आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. तालुक्याला पाचशे रुपयांत "तयार प्रस्ताव" मिळतो, तो घेऊ नका. त्यात गावाचं नाव तेवढं तुमचं असतं.

एक चूक मात्र थोडक्यात सांगून सोडवत नाही. लाभार्थी यादी बोटींच्या नोंदणीवरून किंवा मच्छीमार सोसायटीच्या सभासदांवरून करतात. तिसऱ्या, मुळे असे शिंपले आणि कालवं काढणाऱ्या बाया त्यात कुठेच नसतात. खाडी बिघडली की पहिला फटका त्यांना बसतो, कारण बोटवाला बाहेर समुद्रात जाऊ शकतो, या गुडघाभर चिखलात उभ्या असतात. सर्वेक्षणाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून "गृहिणी" किंवा "मजुरी" लिहिलेलं असतं. मी यादी करते तेव्हा ओहोटीच्या वेळी खाडीवर जाते. घरी जाऊन विचारलं तर पुरुषच उत्तर देतो. चिखलात कोयती घेऊन वाकलेल्या बाईलाच नाव विचारायचं, आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहायचं: कालवं फोडणे, खडकाचं नाव, वर्षातले महिने, कुठल्या बाजारात विकते. ही यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून ठरावाला जोडून घ्यायची, आणि प्रस्ताव त्यानंतर लिहायला बसायचं.