विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकताय? या चुका टाळा

मिरगाचा पाऊस लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या विहिरी बघता बघता वर येतात आणि माझा फोन वाजायला लागतो. "सर, पावडर किती मुठी टाकू?" तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण मूठ हे माप मला कुठल्याही तक्त्यात सापडलं नाही. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत मे महिन्यात दीड मीटर पाणी असेल तर ते साडेदहा हजार लिटर भरतं. जुलैत तेच सहा मीटर झालं की बेचाळीस हजार. मूठ मात्र तीच! व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची उंची गुणिले ७८५, मापं मीटरमध्ये घ्या, उत्तर लिटरमध्ये येतं. दर हजार लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, ही सुरुवात. व्यासाच्या जागी त्रिज्या घातलीत तर चौपट चुकाल, आणि दरवर्षी कोणीतरी घालतोच.

चांगली म्हणजे ताजी, जिच्यात सुमारे ३३ टक्के कामाचा क्लोरीन असतो. गोठ्याच्या माळ्यावर तोंड उघडं टाकलेलं पोतं आपल्या दमट हवेत दोन पावसाळे काढतं, तेव्हा हातात उरतो तो चुना. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो, आणि फसलोही मीच.

खाणपट्ट्यातल्या एका वाड्यावरची विहीर, तिच्यात असल्याच एका पोत्यातली पावडर पडत होती. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर, घरोघरी पाहुणे येणार, म्हणून मी रोज सकाळी जाऊन पाण्यात ओटीचे थेंब टाकून बघायचो. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन असला की ते पिवळं होतं. रोज पिवळं होत होतं आणि रोज मी वहीत लिहीत होतो, "क्लोरीन आहे." पाचव्या दिवशी सोबत आलेल्या बारावीच्या मुलीने विचारलं, "सर, पावडर न टाकलेलं पाणी कसं दिसतं?" खरं सांगतो, मी चिडलो. पण शेजारच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, एक विहीर होती, त्या वर्षी तिच्यात कोणी काही टाकलं नव्हतं. तिचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं!

मग ती पोत्यातली पावडर प्रयोगशाळेत नेली. पोटॅशियम आयोडाइड, स्टार्च आणि दोन थेंब ॲसेटिक आम्ल घातलं. क्लोरीन असता तर गडद निळं व्हायला हवं होतं, ते पेजेसारखं पांढरंच राहिलं. ओटी मँगनीजने पिवळं होतं, लोहाने होतं, नायट्राइटनेही होतं. मला हे ठाऊक होतं आणि विहीर खाणपट्ट्यात आहे हेही ठाऊक होतं. तरी पाच दिवस मी जे दिसलं ते लिहिलंच नव्हतं, जे दिसावंसं वाटत होतं ते लिहिलं होतं.

तेव्हापासून वहीत क्लोरीन हा शब्द शेवटच्या रकान्यात, तोही पेन्सिलीने. आधी वेळ, रंग, किती सेकंदांत आला. आणि पावडर टाकण्याआधीचं पाणी एका काचेच्या ग्लासात शेजारी ठेवलेलं असतंच. ओटी आता वापरूच नका, कर्करोगाचा संशय असलेलं रसायन आहे ते. क्लोरीन तपासायच्या डीपीडीच्या गोळ्या घ्या.

पण डीपीडीही भोळ्याला फसवते. क्लोरीन असेल तर ती पाणी गुलाबी करते. पाण्यात क्लोरीन फार झाला की तोच क्लोरीन गुलाबी रंग उडवून टाकतो आणि नळीत पाणी नितळ दिसतं. घाईचा माणूस लिहितो "शून्य" आणि आणखी पावडर ओततो. गोळी टाकल्या क्षणापासून नळीवरची नजर काढू नका, क्षणभर गुलाबी झळक दिसली तर संशय घ्या. मी तर नितळ दिसलं की नमुना डिस्टिल्ड वॉटरने दहापट पातळ करून पुन्हा बघतोच. तासाभराने लिटरला अर्धा मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला की मी निर्धास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात किमान ०.२ सांगितलाय.

नाकावर विसंबू नका. पोहण्याच्या तलावाचा तो उग्र वास बहुतेक वेळा क्लोरामाइनचा, म्हणजे घाणीशी जुळून बसलेल्या क्लोरीनचा असतो.

पावडर टाकल्यावर पाणी तांबूस झालं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. विरघळलेलं लोह बाहेर पडतंय, आणि ते क्लोरीनही खातंय. मात्रा वाढवा.

गढूळ पाण्यात पावडर फुकट जाते. गाळ बसू द्या.

कोरडी पावडर वरून भिरकावू नका. बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरीने विहिरीत खोल सोडा आणि हलवा. खालचा चुना विहिरीत नको, पाणी जड होतं.

संडास धुवायच्या ॲसिडची बादली यासाठी कधीच घेऊ नका. पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांवर सोडलेला विषारी क्लोरीन वायू तुमच्या न्हाणीघरात तयार होईल.

आणि "अर्ध्या तासात चालेल ना?" हे मला विचारू नका. मी रात्री जेवणानंतर टाकतो, सकाळी तपासतो आणि मगच पाणी काढू देतो. तोवर पंपाचं बटण बंद आणि त्यावर चिकटपट्टी. पट्टी कशासाठी, हे घरच्यांना विचारा. पहिल्या वर्षी पहाटे अंघोळीसाठी पंप लावणारा मीच होतो.