छोट्या मासेमारी होडीसाठी ट्रोलिंग मोटर आणि बॅटरीची निवड

ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी हळू चालवणारी बॅटरीवरची छोटी मोटर, घेताना बहुतेकांची नजर तिच्यावर छापलेल्या रेट्याच्या, म्हणजे होडी ढकलण्याच्या जोराच्या, पौंडांतील आकड्यावर खिळते आणि बॅटरीचा विचार उरलेल्या पैशांत उरकला जातो. होडीची खरी परीक्षा मात्र परतताना होते, कारण त्या वेळी वारा समोरून येत असतो, बॅटरी निम्म्यावर आलेली असते आणि किनारा दूर असतो. त्या शेवटच्या अर्ध्या तासाला पुरेल अशीच मोटर आणि बॅटरी घ्यावी.

प्रथम भरलेल्या होडीचे एकूण वजन काढावे. रिकामी होडी 90 किलो, दोन माणसे 150, बॅटरी 25 आणि नांगर, जाळी, डबे वगैरे 35, असे धरले तर बेरीज 300 किलो होते. दर 45 किलोंमागे साधारण 2 पौंड रेटा, हा रूढ हिशेब लावल्यास जेमतेम 13 पौंड येतात. पण हा हिशेब शांत पाण्याचा आहे. वारा आणि पाण्याची ओढ लक्षात घेऊन अशा होडीला 40 ते 45 पौंडांची मोटर घ्यावी, असे माझे मत आहे. त्याहून मोठी मोटर लावून वेग फारसा वाढत नाही, कारण या मोटरी हळू चालण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि वेग थोडा वाढवायचा म्हटले तरी लागणारी शक्ती झपाट्याने वाढते. साधारण 55 पौंडांपर्यंतच्या मोटरी 12 व्होल्टवर चालतात. त्यापुढे 24 व्होल्ट, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या दोन बॅटऱ्या लागतात.

दांड्याची लांबी मोजायला विसरू नये. होडीत माणसे बसलेली असताना मागच्या फळीच्या माथ्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे आणि पंख्याची पाती पाण्याखाली निदान वीतभर राहतील इतका दांडा निवडावा. पंखा वर राहिला तर तो हवा ओढतो, नुसता घरघरतो आणि होडी जागची हलत नाही. मोटर पुढे नाळेवर बसवायची असेल तर लाटेवर नाळ उचलली जात असल्यामुळे दांडा आणखी लांब हवा.

आता बॅटरी. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरता काही सेकंद मोठा प्रवाह देण्यासाठी असते. ती वारंवार खोलवर उतरवली की तिच्या पातळ प्लेटा लवकर निकामी होतात. म्हणून डीप सायकल प्रकारचीच, म्हणजे खोलवर उतरवणे सोसणारी, बॅटरी घ्यावी. किती मोठी, ते अँपिअर-तासांत मोजावे. समजा, चार तास संथ गतीत सरासरी 12 अँपिअर आणि परतीचा अर्धा तास पूर्ण गतीत 40 अँपिअर लागले, तर 48 अधिक 20, म्हणजे 68 अँपिअर-तास खर्च झाले. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणून तिथे 136 लागतील. शिवाय तिच्यावर लिहिलेली क्षमता बहुधा 20 तासांच्या संथ वापराची असते आणि 40 अँपिअरने ओढल्यास प्रत्यक्षात कमीच मिळते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते, त्यामुळे याच कामाला 100 अँपिअर-तास पुरतात आणि वजनही निम्म्याहून कमी भरते, जे लहान होडीत फार मोलाचे असते.

लिथियमची दोन पथ्ये आहेत. तिच्यातील संरक्षक सर्किटची सलग प्रवाहाची मर्यादा मोटरीच्या कमाल प्रवाहापेक्षा जास्त हवी, नाहीतर ऐन वाऱ्यात बॅटरी स्वतःच बंद पडेल. आणि चार्जर तिच्याच जातीचा हवा. तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत 13 च्या आसपास टिकून मग एकदम कोसळतो, म्हणून व्होल्टमीटरवर विसंबण्यापेक्षा अँपिअर-तास मोजणारा मीटर लावावा. शिसे-आम्लाच्या बॅटरीत मात्र भार काढून काही वेळ थांबल्यावर 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली आणि 12.2 म्हणजे साधारण निम्मी, असा ढोबळ अंदाज मिळतो. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, त्यामुळे तिची पेटी हवेशीर असावी.

वायर शक्य तितकी आखूड आणि जाड ठेवावी. बारीक वायर तापते आणि मोटरीपर्यंत व्होल्टेज पोहोचतच नाही. मोटर-उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा सर्किट ब्रेकर बॅटरीच्या धन टोकाजवळ बसवावा. अधूनमधून पंखा काढून पाहावा, कारण त्यामागे गुंडाळलेला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सील कापतो आणि पाणी थेट मोटरीत शिरते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटर गोड्या पाण्याने धुवावी.

पहिल्या फेरीला वल्ही सोबत ठेवून आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावे, दर वेगाला किती अँपिअर लागतात ते टिपून घ्यावे आणि वापरता येण्याजोग्या क्षमतेचा तिसरा हिस्सा संपताच होडी वळवावी.