जॉब हिरवा झाला म्हणजे आवाज बदलला असं नाही

सोलापुरात एडिटिंगचं काम धरलं की एकच जाहिरात तीन भाषांत द्यायची वेळ येतेच. मराठी हवीच, पूर्व भागासाठी तेलुगू, अक्कलकोटकडच्यांसाठी कन्नड. चित्र तेच, आवाज वेगळा. एखाददुसरी फाइल असेल तर टाइमलाइनवर हातानं करा. गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर ढीग पडला की मात्र एफएफएस्ट्रान्ससारखं वर्कफ्लो सॉफ्टवेअर, म्हणजे एकामागून एक फाइलवर तेच काम आपोआप करणारं, लागतं. फुकट आहे, विंडोजवर चालतं, वॉच फोल्डरही आहेच, म्हणजे त्यात फाइल टाकली की काम आपोआप सुरू. ते बसवणं तुम्हाला जमेल. मी थेट खड्ड्याकडे येतो, कारण त्यात मी पडलोय.

आतलं काम करतं एफएफएमपेग, म्हणजे व्हिडिओ-ऑडिओ बदलणारं कमांडवर चालणारं सॉफ्टवेअर. त्याला जुना व्हिडिओ आणि नवी वेव्ह फाइल अशी दोन इनपुट दिली आणि कुठला ट्रॅक घ्यायचा ते सांगितलं नाही, तर ते आपल्या नियमानं निवडतं. ज्या ऑडिओत चॅनल जास्त, तो घेतला जातो. मूळ मराठी ५.१ (सहा चॅनल) आणि तुमचं तेलुगू स्टिरिओ (दोन चॅनल) असेल, तर बाहेर मराठीच पडतं. दोन्ही स्टिरिओ असतील तर पहिल्या इनपुटचा, म्हणजे पुन्हा जुनाच. एरर नाही, जॉब हिरवा म्हणजे यशस्वी दाखवतो, फाइलच्या नावात 'तेलुगू'. चाचणीला तुम्ही मोनो (एकाच चॅनलच्या) आवाजाची क्लिप घेतलीत तर आणखी घोळ: तिथं नवा स्टिरिओ आपोआप निवडला जातो, सगळं ठीक वाटतं आणि खऱ्या फाइलला गिऱ्हाइकाचा फोन येतो, "ओ, आवाज जुनाच आहे की!"

म्हणून कमांडमध्ये 'मॅप', म्हणजे कुठला ट्रॅक कुठून घ्यायचा ते सांगणारा पर्याय, दोनदा लिहा, न विसरता: चित्र इनपुट ० मधून, आवाज इनपुट १ मधून. गणती शून्यापासून असते. चित्राला 'कॉपी' द्या, म्हणजे ते पुन्हा एन्कोड होत नाही आणि काम झटक्यात उरकतं. आवाज एमपीफोरसाठी एएसी या ऑडिओ फॉरमॅटमध्ये करा. इतकंच आहे, घाबरू नका.

दुसऱ्याचा तयार वर्कफ्लो उचलून चालवू नका, मग तो देणारे कितीही मोठे 'सर' असोत. वर्कफ्लोतला प्रत्येक चौकोन (टप्पा) का आहे हे सांगणारा सिनियर मिळाला तर त्याचा चहा तुम्ही द्या. नुसती फाइल पाठवणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

लांब कार्यक्रमात फ्रेमरेटही बघा. २४ फ्रेमचं चित्र वेग वाढवून २५ वर नेलं की ६० मिनिटांची ५७ मिनिटं ३६ सेकंद होतात. त्या २५ फ्रेमच्या कॉपीवर भरलेला आवाज मूळ फाइलला लावला तर ओठ कधीच जुळणार नाहीत. 'शॉर्टेस्ट' (सगळ्यात छोटा ट्रॅक संपला की फाइल थांबवणारा पर्याय) लावलं असेल तर शेवटचं चित्रही कापलं जाईल.

फाइल देण्याआधी मीडियाइन्फोत (फाइलच्या आतले तपशील दाखवणारं सॉफ्टवेअर) ट्रॅक बघा आणि शेवटचं अर्धं मिनिट ऐका. भाषा कळत नसेल तर कळणाऱ्याला बोलवा. तेलुगूसाठी आपल्याकडं शेजारच्या दुकानापलीकडं जावं लागत नाही.